वाघरीची गाठ

ता. औंढा नागनाथ
२६ मार्च २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. पत्र बघून तू म्हणशील, ह्या पोरीला फोन असताना पत्र काहून सुचलं? अगं, फोन घरात एकच आणि तो बाबांच्या खिशात. मागितला की ते स्पीकर लावून देतात आणि समोर बसून राहतात. आजी मधूनच ओरडते, "जेवली का विचार तिला!" असं असल्यावर मनातलं बोलायचं कसं? म्हणून भूगोलाच्या वहीची पानं फाडली. तसाही भूगोलाचा पेपर झाला, दहावी संपली.

इकडं एक वाईट झालं. परवा सोमवारी दुपारी आपल्या शिवारातली कॅनॉलची चारी फुटली. कॅनॉलला पाणी सुटलेलं होतं. कुणीतरी चारीत पोती आडवी टाकून पाणी तुंबवलं. पाणी चढलं आणि बाजूचा काठच वाहून गेला. खाली तांड्यातल्या जमनाबाईचं रान आहे. तिनं हळद शिजवून तिथंच वाळत घातली होती, सगळ्या वर्षाची. चार दिवसांनी पॉलिशला जाणार होती. आता तिच्यावर ढोपरभर गाळ. जमनाबाई चिखलात बसून एकेक हळकुंड वेचत होती आणि शिव्या देत होती. कुणाला देतेय ते तिलाही माहीत नव्हतं.

मग पोती वर काढली तर ती आपली निघाली, लेंडीखताची. पोत्यांना वाघर गुंडाळलेली होती, तीही आपलीच. (तुला माहीतच आहे, मेंढरं कोंडायची ती जुनी जाळी, वाड्यावर लटकवलेली असते ती.) बाबांनी ती वाघर उचलून सगळ्या लोकांपुढं धरली आणि म्हणाले, "माझ्या वाड्यावरून चोरून आणली. चारीवर कोण होतं?" तेव्हा एकानं सांगितलं की विकासला पोत्यांपाशी पाण्यात उभं राहिलेलं बघितलं. विकास तांड्यातलाच. मागच्या वर्षी बारावी झाला. भरतीसाठी रोज पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं पळतो. झालं, सगळे त्याच्यावर तुटून पडले.

आत्या, त्या दुपारी मी पण चारीवर होते. हे घरात कुणालाच माहीत नाही. विकासनं मला बघितलं होतं, तरी त्यानं माझं नाव घेतलं नाही.

मला रात्रभर झोप नाही. बाबांना सांगू का? तू सांगशील तसं करते. लवकर लिही.

तुझी
अंजली


पुसेगाव
३० मार्च, पाडवा

अंजे,

तुझं पत्र काल आलं आन आज माझ्या पुरणाची वाट लागली. गुळाच्या जागी ध्यान तुझ्याकडं. तुझे आतोबा म्हणाले, ह्या पोळ्या गुढीला दाखवायच्या का गुढीपासून लपवायच्या?

आता मला सरळ सांग. सोळा वर्साची घोडी झालीस, भर दुपारी त्या पोरासंगं चारीवर काहून गेली होतीस? "त्यानं माझं नाव घेतलं न्हाई" म्हणे! वा गं वा! मला काय अंगणवाडीतलं लेकरू समजलीस? इतकी वर्सं लोकांची लेकरं सांभाळून राहिले मी, पोरीच्या तोंडाकडं बघून सांगते ती रात्री काय खाऊन आली. परीक्षा संपली की तुमच्या अंगात वारं शिरतं, तेच हे.

दहावीला तुझ्यासाठी मी दादाच्या हातापाया पडले. दादा म्हणत होता, पोरीला नववीलाच बंद करतो, मेंढरांमागं कोण जाईल? मी म्हणाले, न्हाई, शिकू दे, हुशार हाय. त्याचं हे फळ दिलंस मला. आता त्याला कळलं की तू एका पोरासोबत चारीवर होतीस, तर हिंगोलीचं कॉलेज तर सोडच, आखाड लागायच्या आत तुझे हात पिवळे करील. आन मला म्हणील, बघ, तुझी हुशार!

म्हणून सांगते ते कान उघडून ऐक. तोंड शिवून बस. बापाला बोलायचं न्हाई, मायला न्हाई, त्या तुझ्या मैत्रिणीला, सपनाला तर अजिबात न्हाई. त्या पोराच्या वाटंला जायचं न्हाई. त्याचं त्यो बघून घेईल, तांडा त्याचा हाय, लोक त्याचे हायेत. पंधरा दिवसांत समदं थंड होतं. हे पत्र वाचून जाळून टाक.

आन काही खायला करून पाठवू का ते कळव. राग आला म्हणजे आत्या मेली न्हाई.

तुझी आत्या
द्वारका


३ एप्रिल

आत्या,

मला तुझा इतका राग आला की हे पत्र तीन वेळा सुरू केलं आणि तीन वेळा फाडलं.

तुला तेच कसं सुचलं? विकाससोबत मी कशाला जाऊ? त्याच्याशी मी आयुष्यात चार शब्द बोलले नाही. तू मला विचारायच्या आधीच ठरवून मोकळी झालीस. मोठ्या माणसांना पोरगी आणि पोरगं एका वाक्यात दिसलं की पुढचं वाचताच येत नाही का?

पण चूक माझीपण आहे. मी अर्धंच लिहिलं. आता सगळं लिहिते, आणि तू सगळं वाच.

चारी मी तुंबवली. डोकं माझं. सोबत सपना होती आणि काकाचा शिवप्रसाद. आम्हाला पाण्यात उड्या मारतानाचा व्हिडिओ करायचा होता. सपनाच्या मामेबहिणीनं धरणावरचा एक टाकला होता, त्याला खूप लोकांनी बघितलं होतं. पण चारीला पाणी गुडघ्याएवढंच. उडी मारली तर नडगी फुटेल. मीच म्हणाले, अडवू, गळ्याएवढं होईल. शिवप्रसादनं लेंडीखताची सहा पोती ढकलत आणली. दोनदा अडवलं, दोनदा पोती वाहून गेली. शिवप्रसाद म्हणाला, जाऊ दे. मला जाऊ द्यायचं नव्हतं. मी वाड्यावरून वाघर आणली. पोती वाघरीत घातली आणि दोन्ही कडेला बाभळीच्या बुंध्याला आवळली. ती मेंढ्याच्या ओढीलाही न सुटणारी गाठ आहे ना आपल्या घरची, आजोबांची, तीच मारली. पोती हलली नाहीत. पाणी भराभर चढलं. मला इतका आनंद झाला आत्या, काय सांगू! मी वरून तीन उड्या मारल्या.

तेवढ्यात विकास आला. म्हणाला, "येडे झाले का? काठ भिजून राहिलाय, खाली हळद हाय! काढा ते!" मी म्हणाले, एक उडी राहिली. त्यानं ऐकलं नाही, पाण्यात उतरून गाठ सोडायला लागला. त्याला सुटेना. ती त्याला कशी सुटणार? मी पळत गेले खाली, पण तोवर काठानं तोंड उघडलं होतं. आवाज ऐकला आणि आम्ही तिघं पळालो. तो नाही पळाला. तो गाठच सोडत राहिला, म्हणून लोकांनी त्याला तिथं बघितलं.

आता पुढचं ऐक. तांड्याचे प्रमुख थावरा नाईक, त्यांनी निवाड्याला माणसं बसवली. पोलीस नको, आपसात मिटवू असं ठरलं. नाईक विकासला म्हणाले, तू नसशील तर कोण ते सांग. त्यानं सांगितलं नाही. मग निवाडा झाला: ज्यानं भिजवली त्यानं वाळवावी. गाळ धुवायचा, सडलेली निवडायची, बाकीची रोज फिरवायची, आणि हळद पॉलिशला जाईपर्यंत रान सोडून कुठं जायचं नाही. नाव सांगितलं तर त्या घडीला मोकळा.

आणि आत्या, विकासचं भरतीचं ग्राउंड, म्हणजे पळायची परीक्षा, १० एप्रिलला आहे. दोन वर्षं तो त्यासाठी पळून राहिला. आता सकाळी पळायला जात नाही, हळदीत बसलेला असतो. मी मेंढरं घेऊन पलीकडच्या बांधावरून जाते, तेव्हा मान वर करत नाही. त्याच्या मनात काय आहे मला माहीत नाही. कदाचित त्यालाही तुझ्यासारखंच वाटत असेल, की पोरीचं नाव निघालं तर लोक भलतंच बोलतील.

मला सांगायचं आहे. पण बाबा सगळ्यांपुढं त्याला चोर म्हणाले आहेत. मी बोलले तर बाबा खोटे पडतात. मला भीती वाटते. तू फक्त "सांग" म्हण. तू म्हणालीस तर माझी हिंमत होईल. आज तीन तारीख आहे.

अंजली


पुसेगाव
७ एप्रिल

अंजे, बाई,

वाचलं. दोनदा वाचलं. पयल्या पत्रात मी तुला जे बोलले ते मागं घेते. मपलंच चुकलं. तू म्हणतीस तसं, पुढचं वाचलंच न्हाई.

पण त्यानं मामला सोपा झाला न्हाई, अवघड झाला. भलतीसलती भानगड असती तर एकवेळ झाकता आली असती. हे कसं झाकायचं? अगं, मेंढरामागं जाणारी पोर तू, पाणी कुठं तुंबलं की कुठं फुटतं हे तुला मी सांगावं? व्हिडिओसाठी! दुसऱ्याच्या वर्साच्या पिकावर उड्या मारल्यास तू. हातात असतीस तर दोन ठेवून दिल्या असत्या.

आता दादाचा इचार कर. त्यानं भर तांड्यापुढं वाघर धरून त्या पोराला चोर म्हटलं. उद्या त्याचीच पोरगी उठून म्हणती, मी केलं. त्यो मान वर करून चालंल का? आपल्या मेंढरांना त्यांच्याच रानातून वाट हाय. उद्या तांड्यानं वाट बंद केली तर?

म्हणून थांब. बाराला हनुमान जयंती हाय, इथं अंगणवाडीचा कार्यक्रम माझ्याच गळ्यात हाय. तेराला मी सकाळच्या गाडीनं येते. मी दादाला आधी समजावते, मग आपण नाईकाकडं जाऊ, रीतीनं, मोठी माणसं घेऊन. तू एकटी बोलशील तर कोणी धड ऐकणार न्हाई.

दहा तारखेचं मला कळतं. पण पोरगं अठरा वर्साचं हाय. भरती काय एकदाच येती? पुढं येईल. तुझं कॉलेज एकदा गेलं की गेलं.

तेरापर्यंत थांब. माझी आण हाय तुला.

आत्या


१६ एप्रिल

आत्या,

तेरा झाली. चौदा झाली. तू आली नाहीस. आता नाही आलीस तरी चालेल.

तुझं पत्र ९ तारखेला दुपारी चार वाजता आलं. वाचलं आणि चुलीत घातलं. तू सांगितलंस म्हणून नाही, बाबांच्या हाती लागू नये म्हणून. तुझी आण मोडली. मला वाईट वाटलं नाही. विकासचं ग्राउंड दुसऱ्या दिवशी होतं आणि तू मला तेराचं सांगत होतीस.

मी चारी ओलांडून जमनाबाईच्या रानात गेले. नाईक तिथंच लिंबाखाली बसले होते. विकास हातानं हळद उलटवत होता. मी म्हणाले, "चारी मी तुंबवली." नाईक म्हणाले, "कुनाला वाचवायला आली गं पोरी?" म्हणजे त्यांनाही तेच वाटलं! जमनाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "आता हे एक नवीन!" मला रडू फुटायचं त्याऐवजी चीड आली. मी ओरडले, "माझं कुणाशी काही नाही! वाघर आणा, गाठ मारून दाखवते!"

वाघर तिथंच पडलेली होती. मी ती लिंबाला आवळली. नाईकांनी स्वतः ओढून बघितली, मग दोन माणसांना ओढायला लावली. सुटली नाही. नाईकांनी विकासला विचारलं, तुला येती का ही? तो नाही म्हणाला. मग त्यांनी बाबांना फोन करून बोलावलं आणि बाबांच्या समोर मला दुसऱ्यांदा मारायला लावली. शिवप्रसादनं पोती आणली आणि सपना व्हिडिओ काढत होती, तेही मी सांगितलं. पण पाणी अडवायचं माझ्या डोक्यातून निघालं आणि जाऊ दे म्हटल्यावर मीच ऐकलं नाही, हे आधी सांगितलं.

नाईक विकासला म्हणाले, "जा." तो हातपाय न धुता निघाला. पिकअपनं औंढ्याला गेला, तिथून पुढं.

तुला वाटत असेल, आता सगळं नीट झालं असेल. नाही झालं. तो वेळेवर पोचला. सोळाशे मीटर पळाला आणि ठरलेल्या वेळेपेक्षा सात सेकंद जास्त लागले. पंधरा दिवस तो पळालाच नव्हता, पाठ वाकवून हळद निवडत होता. तो परत आल्यावर मी त्याला म्हणाले, माझं चुकलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "त्याच दिवशी बोलली असतीस तर मी पंधरा दिवस पळालो असतो." एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं मला.

त्याला पुढची भरती मिळेल म्हणतेस. कधी? मला तारीख सांग, मी त्याला जाऊन सांगते.

दहा तारखेपासून हळदीत मी बसते. निम्मी गेली. बुरशी धरलेली वेगळी करायची, डागी वेगळी, उरलेली उन्हात फिरवायची. पहिल्या दिवशी मला रडू आलं तर जमनाबाई म्हणाली, "रडायचं असंल तर तिकडं बांधावर जाऊन रड. हळद आधीच एकदा भिजली हाय." मी बांधावर गेले, रडले आणि परत आले. ती मला चांगलं बोलत नाही आणि वाईटही बोलत नाही. पाणी मात्र तिच्याच तांब्यातलं देते. शिवप्रसाद तिसऱ्या दिवशी आपला आपण आला. सपनाला तिच्या मामाकडं पाठवलं.

बाबा घरी पाच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काल मेंढरं कोंडताना एकदम म्हणाले, "गाठ मी त्याच दिशी ओळखली व्हती." त्यांना वाटलं होतं, शिवप्रसादनं मारली. भावाचं लेकरू म्हणून ते गप्प राहिले आणि विकासला चोर म्हणाले. हे बोलून झाल्यावर मला विचारतात, "तू इतके दिस गप काहून बसलीस? कोनी शिकवलं तुला?"

मी म्हणाले, कुणी नाही, मला भीती वाटली.

ते खोटं होतं, आत्या. ते मी तुझ्यासाठी बोलले. आणि आता मला त्याचाच राग येऊन राहिलाय, कारण खोटं बोलायचं नाही असं ठरवून मी चारी ओलांडली होती.

अंजली


पुसेगाव
१९ एप्रिल

दादास,

द्वारकाचा नमस्कार.

हे पत्र तुझ्या नावानं हाय. अंजलीला वाचून दाखवायला लाव, तू चष्मा लावत न्हाईस ना. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू मला मधीच तोडतोस आन मी मधीच रडते. आज मला दोन्ही नको.

तू पोरीला इचारलंस, गप बसायला कोनी शिकवलं. मी शिकवलं. तिनं चारी फुटली त्याच आठवड्यात मला लिहिलं होतं. पयल्यांदा मी तिच्यावर नको ती शंका घेतली आन तोंड शिवून बस म्हणाले. दुसऱ्यांदा तिनं समदं खरं लिहिलं, त्या पोराच्या भरतीची तारीखसुद्धा लिहिली. मला फक्त "सांग" एवढं म्हणायचं होतं. मी आण घातली आन तेराचा वायदा केला. दहा तारीख मला ठाऊक असताना तेराचा केला, दादा. म्हणाले, भरती पुन्हा येती. माझ्या पोटचं पोरगं पळणार असतं तर मी असं म्हणाले असते का?

आन तेरालाबी आले न्हाई. अंगणवाडीचा कार्यक्रम बाराला सकाळीच संपला होता. गाडीबी होती. तुझ्यासमोर उभं राहायची भीती वाटली, म्हणून बसून राहिले. पोरीनं जे एका दुपारी केलं ते मला पन्नाशीला जमलं न्हाई. वरून तिनं तुझ्यापुढं मला झाकलं. सोळा वर्साच्या लेकरानं आत्याला झाकावं, हे वाचून मला भाकर गोड लागून न्हाई राहिली.

तिची चूक लहान न्हाई. हळद तिनंच घालवली, ती तिला निवडू दे, मी मधी पडणार न्हाई. पण त्या पोराचे पंधरा दिवस तिच्या एकटीच्या अंगावर टाकू नको. त्यातले दहा मपले हायेत. आन तू? गाठ बघून तुला घर कळलं, तरी तू लोकांपुढं त्याला चोर म्हणालास. भावाचं लेकरू झाकायला दुसऱ्याचं लेकरू पुढं केलंस. पोरगी तुला काही म्हणणार न्हाई, तिची ती जागा न्हाई. म्हणून मी म्हणून राहिले.

तिचं कॉलेज बंद करायचं मनात असंल तर आधी माझ्याशी भांड. पण ते मागून.

मी शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येते. तू फाट्यावर ये. घरी न्हाई जायचं, सरळ तांड्यावर जायचं, विकासच्या घरी, त्याच्या मायबापापुढं. नाईकालाबी बोलवायचं. ज्या लोकांपुढं तू त्याला चोर म्हणालास तेवढेच लोक असले पाहिजेत, एकबी कमी न्हाई. तिथं मी माझं बोलते, तू तुझं बोल.

तू फाट्यावर दिसला न्हाईस तर मी एकटी जाईन. आन मग तिथं माझ्या नावासंगं तुझंबी नाव घेईन.

तुझी बहीण
द्वारका